राबातलं गाठोडं

१

माझा भाऊ चांगू शिव्या देणारा माणूस नाही. बैलाने पायावर पाय दिला तरी "अरे बाबा" म्हणतो. त्या सकाळी मात्र उमरठच्या आमच्या खाचराच्या बांधावर उभं राहून त्याने अशी कचकचीत शिवी हासडली, की मी हातातला चहा तसाच ठेवून धावले.

"अक्का, माझा राब कोनी पेटवलान गो? आनि असा? ही काय पेटवायची रीत हाय?"

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची. खाली शेण, त्यावर झाडांचे टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा, गवत आणि सगळ्यावर माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला की आग वाऱ्याशी भांडत सावकाश सरकते आणि जमीन आतपर्यंत भाजते. आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक. हा राब पेटवला होता तो वाऱ्याच्या बाजूने. त्यामुळे आग वरच्या वर पळाली होती. गवत जळून गेलं होतं आणि खालचं सगळं कच्चंच राहिलं होतं.

चांगूने रागारागाने काठी खुपसली. काठी अडली.

"ह्या लाकूड नाय हां, अक्का."

मी हाताने टहाळ उपसले. आत एक चादर होती, चादरीच्या आत जाड प्लास्टिक. चादरीची चारी टोकं वर घेऊन नीट बांधली होती. गाठ मारून उरलेल्या शेवटाला पीळ दिला होता आणि तो उलटा गाठीखाली खोचला होता. ही गाठ मी कुठेतरी पाहिली होती, पण कुठे ते काही केल्या आठवेना. कोपऱ्यातून एक बाईचा पाय बाहेर आला होता, करपलेला, बोटात जोडवं.

मी ललिता. बावीस वर्षं पोलिसात काढली, हवालदार म्हणून बाहेर पडले. आता महाडला कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. माहेरी चार दिवस राबाला मदत करायला आले होते. मढी मी भरपूर पाहिलीत. तरी फौजदाराने प्लास्टिक फाडलं तेव्हा मी तोंड फिरवलं. गळ्यावर, मानेवर, गालावर भोकंच भोकं होती. अकरा मोजली. एक थेट डाव्या डोळ्यात.

"बाईचं प्रेत आहे, तुम्ही पंच व्हा," फौजदार म्हणाला. कोवळा पोरगा, नुकताच नोकरीला लागलेला. "ओळखता का हिला?"

ओळखत होते. ती सेजल होती. आणि तिला जिवंत जाळायची धमकी भर कोर्टात कुणी दिली होती, तेही मला माहीत होतं.

२

धमकी दिली होती प्रियदर्शिनीने. आणि देवाशपथ सांगते, तिच्या जागी मी असते तर नुसती धमकी देऊन थांबले नसते.

प्रियदर्शिनी आणि सेजल महाडात एका खोलीत राहायच्या. दोघी नर्सिंग शिकत होत्या. प्रियदर्शिनी पास झाली, तिची नर्स म्हणून नोंदणी झाली. सेजल नापास झाली. एके दिवशी सेजल खोली सोडून गेली आणि जाताना प्रियदर्शिनीचं नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र घेऊन गेली. त्या कागदावर, प्रियदर्शिनीच्या नावाने, दूरच्या कुठल्याशा खाजगी दवाखान्यात नोकरीला लागली. दीड वर्ष. मग तिने एका बाळंतिणीला चुकीचं इंजेक्शन दिलं. बाई गेली. सेजल पळाली. आणि पोलीस आले ते प्रियदर्शिनीच्या दारात, सव गावाच्या वाटेवरच्या वाडीत. ही पोरगी तेव्हा आईबरोबर भाताची लावणी करत होती.

आपण ती नव्हेच हे सिद्ध करता करता तिचे जोडे झिजले. पोलीस ठाण्यात तक्रार घेईनात. शेवटी वकिलामार्फत तिने स्वतः कोर्टात फिर्याद लावली. तीन वर्षं तारखा. आता नोंदणी कचेरीचं पत्र आलं होतं: पंधरा मेपर्यंत मूळ प्रमाणपत्र घेऊन समक्ष हजर राहा, नाहीतर नाव कायमचं काढू. ते मूळ प्रमाणपत्र सेजलकडे. ते परत मिळवायला उरली होती एक तारीख, एकोणतीस एप्रिल.

त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा प्रियदर्शिनी हजर नव्हती. ती माझ्या दुकानात होती, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत. माझ्या मशीनमध्ये कागद अडकला. पाच मिनिटं गेली असतील. ती धावत वर गेली तोवर हुकूम झाला होता. फिर्यादी गैरहजर, फिर्याद काढून टाकली, आरोपी सुटली.

सेजल पायऱ्या उतरताना हसली. प्रियदर्शिनीने तिचे केस धरून तिला कठड्यावर आपटलं. "तुला जिवंत जाळीन!" शंभर माणसांनी ऐकलं.

आता बारा दिवसांनी सेजल राबात सापडली. दुपारच्या आत फौजदाराने प्रियदर्शिनीला उचललं.

३

मी कोठडीपाशी गेले तेव्हा तिचा ओठ फाटला होता आणि उजवा कान सुजून लाल झाला होता.

"कोणी मारलं?"

"राहू दे मावशी. विचारलं की म्हणतील, पडली."

माझ्या अंगाची लाही झाली. बावीस वर्षं मीही हेच वाक्य ऐकून गप्प बसले होते, म्हणून जास्तच.

फौजदार बाहेर खुर्चीत रेलला होता. "सरळ केस आहे, बाई. जाळीन म्हणाली, जाळलं. अंगावर सुईची भोकं आहेत. नर्स आहे ना ती?"

"साहेब, इंजेक्शनच्या सुईने डोळा फुटून भोक कवटीत जातं का? ते दाभण आहे. गोणी शिवायचं असतं ना, तसलं."

"मग तुमच्या भावाकडे असेल दाभण."

"आहे. दोन आहेत. पण माझा भाऊ स्वतःचा राब उलटा पेटवील का? आणि ही पोरगी दर वर्षी आईबरोबर राब भाजते. ज्याने पेटवला त्याला राब म्हणजे काय तेच ठाऊक नाही. शहरातला माणूस आहे तो."

तो हसला. गवतावरून खुनी पकडायची कल्पना त्याला भारी वाटली.

प्रियदर्शिनीची आई सोनाबाई ठाण्याच्या पायरीवर बसली होती. तिने माझा हात धरला. "बाय, आज अकरा तारीख हाय. पंधराला पोरीचा नाव कापतील. खून तर तिनं केला नाय, मंग ती आत कशाला? आनि तो कागद कुठं हाय?"

मी परत आत गेले. "प्रिया, एकच सांग. पुकाऱ्याच्या वेळी तुला झेरॉक्स काढायला कुणी पाठवलं?"

"श्रीपतकाकांनी. आपल्या वकीलसाहेबांचे कारकून. म्हणाले, तुझा नंबर जेवणानंतर आहे, तोवर आधारच्या तीन प्रती आण."

खटल्याच्या त्या टप्प्यावर आधारच्या प्रती कुणी मागत नाही. हे मला त्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी पैसे घेतले आणि प्रती दिल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सेजलचा नवरा मंगेश मुंबईहून आला. टेंपो चालवतो. डोळे लाल, तोंडाला दारूचा वास. ठाण्यातून सुटला तसा मी त्याला माझ्या दुकानात आणून बसवला आणि चहा पाजला.

"बायकोला मारायचास?"

तो दचकला. "कभी कभी हात उठायचा. पण असा नाय, बाई. असा कोण मारतो?"

"महाडला कशाला आली होती?"

"तिला सुरतला जायचं होतं. तिकडे नवीन नोकरी, तोच कागद दाखवून. असली सर्टिफिकेट तिच्या पर्समध्येच असायचं, झोपताना पण उशाखाली. बोलली, महाडमध्ये एक आदमी आहे, त्याने कोर्टात काम केलं, आता अजून एक काम करेल. कोर्टाच्या निकालाची नक्कल पाहिजे होती तिला, शिक्क्याची. परत पोलीस आले तर दाखवायला, की बघा, मी सुटले."

"तो नाही म्हणाला तर?"

"सेजलला कोण नाय बोलत नव्हता." तो कसनुसा हसला. "फोनमध्ये त्याचा आवाज भरून ठेवला होता तिने. नाय बोलला तर सगळ्यांना ऐकवेन, बोलली."

फोन सापडला नव्हता. पर्स सापडली नव्हती. राबाच्या राखेत पर्सची नुसती कडी मिळाली होती.

मंगेश शहरातला. राब त्याने जन्मात पाहिला नसेल. बायकोला मारायचा. फौजदाराला सांगितलं असतं तर त्याने याचीही पाठ सोलली असती. मी जुनी वर्तमानपत्रं आणि एक फडका त्याच्यापुढे टाकला. "जरा गाठोडं बांधून दे रे, माझा हात दुखतोय."

त्याने बांधलं. टेंपोवाल्याची गाठ, दुहेरी, करकचून, शेवट बाहेर लोंबता. राबातली गाठ ती नव्हती.

तेवढ्यात दारात सावली पडली. "ललिताताई, प्रियदर्शिनीच्या जामिनाचा अर्ज टाईप करायचाय." श्रीपतने आपलं दप्तराचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. आत प्लास्टिक, वर चादरीचं कापड. चारी टोकं वर. गाठीच्या शेवटाला पीळ देऊन तो उलटा खाली खोचलेला.

मी मंगेशला खुणेनेच बाहेर पाठवलं.

५

श्रीपत जन्माने महाडचा, बाजारपेठेतला. शेताशी त्याचा कधी संबंध आला नाही. पुराच्या वर्षी सावित्री नदीचं पाणी वकिलाच्या ऑफिसात छतापर्यंत चढलं. स्वतःच्या घरात चिखल भरलेला असताना हा माणूस चार दिवस ऑफिसात बसून लोकांची मूळ कागदपत्रं एकेक करून दोरीवर वाळवत होता. रडत होता. तेव्हापासून प्रत्येक दप्तर आधी प्लास्टिकमध्ये, मग कापडात, गाठ वर. आख्ख्या कोर्टात अशी गाठ दुसरा कुणी मारत नाही.

"श्रीपतराव, त्या दिवशी पुकाऱ्याला पोरगी कुठे होती हो?" मी कागद मशीनला लावता लावता विचारलं.

"काय सांगू ताई. जागेवरून हलू नको म्हणून बजावलं होतं. वर, खाली, सगळीकडे शोधलं. कुठे उलथली होती देव जाणे."

खोटं. त्या पाच मिनिटांत तो माझ्या शेजारच्या टपरीवर चहा पीत उभा होता. मी त्याला हात केला होता. माझ्या दुकानातली पोरगी त्याला चार पावलांवर दिसत होती.

आणि राब? मागच्याच महिन्यात बांधाच्या भांडणाची नोटीस घेऊन तो वकिलाची गाडी स्वतः चालवत चांगूकडे गेला होता. रचलेला राब पाहून त्याने विचारलं होतं, हे कशाला? चांगूने सांगितलं, जाळायला. कसा जाळायचा ते त्याने विचारलं नाही आणि चांगूने सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी फौजदाराला फोन केला. सगळं सांगितलं.

"गाठीवरून माणूस धरू? कोर्टात लोक हसतील, बाई. कागद आणा, वस्तू आणा."

फोन ठेवला आणि विचार केला. मोबाईल त्याने सावित्रीत फेकला असेल. पर्स जाळली. पण पर्समधलं ते प्रमाणपत्र? शिक्क्याचं, सहीचं, मूळ? हा माणूस बाईच्या डोळ्यात दाभण घालू शकतो. पण मूळ कागद जाळायला त्याचा हात धजणार नाही. आणि ठेवला असेल तर लपवणारही नाही. जिथे त्याची जागा तिथेच लावून ठेवील.

त्याचा साहेब अलिबागला गेला होता. श्रीपत दुपारी कोर्टात असतो. मी दुकान बंद केलं आणि त्याच्या ऑफिसचा जिना चढले.

६

झाडलोट करणाऱ्या गोदूबाईने दार उघडून दिलं आणि ती पाणी भरायला खाली गेली. प्रियदर्शिनीचं गाठोडं तिसऱ्या फळीवर होतं. सोडलं. कागदांच्या यादीत सात नंबरला लिहिलं होतं: मूळ प्रमाणपत्र, आरोपीकडे. 'आरोपीकडे' वर बारीक रेघ मारली होती आणि पुढे नीट अक्षरात: प्राप्त.

सात नंबरला प्रमाणपत्र होतं. दाभणाने भोक पाडून दोऱ्यात ओवलेलं. भोकाच्या कडेला तपकिरी डाग होता, वाळलेला. ज्या दाभणाने अकरा भोकं पाडली, त्यानेच बारावं.

मी कागद दोऱ्यातून सोडवला.

"ताई, दप्तर असं उघडं टाकू नये. कागद उडतात."

श्रीपत दारात उभा होता. त्याने दार लावून घेतलं.

"स्वतःच्या अशिलाला विकलंस, श्रीपत."

"एकदाच," तो म्हणाला, अगदी शांतपणे. "पाच मिनिटांसाठी. मुलीच्या लग्नाचं देणं होतं. मग ती परत आली. नक्कल आण, हे आण, ते आण. म्हणाली, तू आता माझा नोकर. ह्याच खुर्चीत बसून, पायावर पाय टाकून. तीस वर्षं मी कुणाचा कागद हरवला नाही, ताई."

"आणि पोरीने जाळीन म्हटलं होतं, म्हणून जाळलंस. म्हणजे तीच अडकेल."

टेबलावरचं दाभण त्याच्या हातात कधी आलं ते मला दिसलंच नाही. गळ्यावर आलं ते मी पंजाने अडवलं. तळहातातून आरपार गेलं आणि मागच्या बाजूने टोक बाहेर आलं. मी किंचाळले. त्याने ते उपसलं आणि परत उगारलं. मी डाव्या हाताने टेबलावरचं नोटरीचं लोखंडी शिक्क्याचं यंत्र उचललं आणि त्याच्या जबड्यावर हाणलं. काहीतरी कडकन मोडलं. त्याच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर पडले. तो गुडघ्यांवर आला. मी अजून एकदा हाणलं. खरं सांगते, दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो माझ्या मशीनने खाल्लेल्या पाच मिनिटांसाठी होता.

गोदूबाई बोंबलत वर आली. तिच्यामागे माणसं. कुणीतरी ठाण्यात फोन केला.

मला दहा मिनिटं मिळाली. टेबलावर कागद होता. बावीस वर्षांत मी पुराव्याला बोट लावलं नव्हतं. तो कागद मुद्देमालात गेला की खटला संपेपर्यंत बाहेर येत नाही. सात वर्षं, दहा वर्षं. आणि नोंदणी कचेरीला मूळच कागद हवा होता, तीन दिवसांत.

मी तो घडी घालून पोलक्यात खुपसला.

७

माझा फुटलेला हात, रक्ताळलेलं दाभण आणि राबातल्यासारखीच गाठ पाहून फौजदाराचा चेहरा उतरला. रात्र पडायच्या आत प्रियदर्शिनी सुटली. कान धरून माफी मागायची सोडून त्याने तिला "काळजी घ्या" म्हटलं.

मी तिला आणि सोनाबाईला माझ्या घरी आणलं आणि कागद समोर ठेवला.

"नीट ऐक. ह्यावर सेजलचं रक्त आहे. हा श्रीपतच्या दप्तरात होता. हा दिला तर तो जन्मभर आत. नाही दिला तर मला मारल्याबद्दल थोडी शिक्षा होईल, खुनातून कदाचित सुटेल. तू म्हणशील ते करते. उद्या सकाळी मी सांगू शकते की घाबरून कागद घरी आणला."

तिने कागदावरून बोट फिरवलं. आपलं नाव वाचलं. भोकापाशी बोट थांबलं.

"मावशी, ती जिवंत होती तेव्हा माझ्या नावावर जगली. आता तिला न्याय द्यायलाही माझंच नाव द्यायचं?"

"पोरी, खुनी सुटेल."

"मी काय केलं होतं? माझ्यासाठी पुकाऱ्याला पाच मिनिटं थांबलं का कोणी?" तिचा आवाज फुटला. "सात वर्षांनी मी कोण असेन? सेजलच्या केसमधला कागद?"

सोनाबाईने पदराने कागद पुसला, जपून, डागाशी न जाता.

पंधरा तारखेला प्रियदर्शिनी मुंबईला जाऊन आली. नोंदणी कचेरीतल्या बाईने विचारलं, हा डाग कसला? ती म्हणाली, गंज. बाईने शिक्का मारला. महिन्याभरात पोलादपूरच्या पुढे एका दवाखान्यात तिला काम लागलं.

श्रीपतचा वकील चांगला निघाला. म्हणाला, माझ्या अशिलाला खून करायचा हेतूच काय? दाभणावर फक्त ललिताबाईंचं रक्त आहे, बाकी काही तपासणीत ठरलं नाही. गाठ तर कुणीही मारील. कबुली ऐकली म्हणतात ती एकट्या ललिताबाईंनी. चार महिन्यांनी श्रीपत जामिनावर बाहेर आला. जबडा वाकडाच राहिलाय.

गेल्या आठवड्यात तो माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून पूर्ण जाग नाही, मी डाव्या हाताने टाईप करत होते.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "सात नंबरचा कागद यादीत आहे आणि दप्तरात नाही. मला झोप येत नाही. कुठाय तो?"

"जिचा होता तिच्याकडे," मी म्हटलं. "ती कामावर गेलीय. तू घरी जा."

तो बराच वेळ तिथेच उभा होता. मी टाईप करत राहिले.